मधल्या ओळीवरचा लॉस

चि. मृणाल,


तुझा मेसेज वाचला. मधल्या एका राउटरवर 40 टक्के पॅकेट लॉस दिसतोय म्हणून प्रोव्हायडरला कडक मेल लिहायला बसली आहेस म्हणे. अजून पाठवली नसशील तर जरा थांब.

एमटीआरच्या रिपोर्टची शेवटची ओळ आधी बघ. सातव्या हॉपवर 40 टक्के आणि आठव्यापासून थेट सर्व्हरपर्यंत शून्य, असं असेल तर तुमचं काहीही हरवलेलं नाही. सातव्यावर खरंच गळती असती तर ती पुढच्या ओळींवरही उतरली असती. पुढची पॅकेटं त्याच्यातूनच तर जातात! मग हा आकडा येतो कुठून? पुढे जाणारी वाहतूक मोठे राउटर हार्डवेअरमधूनच ढकलतात. टीटीएल संपलेल्या पॅकेटला उत्तर द्यायचं काम मात्र बहुधा प्रोसेसरकडे जातं आणि तिथे मुद्दाम मर्यादा घातलेली असते. गाड्या वेळेवर सुटताहेत, फक्त चौकशीच्या खिडकीवर कुणी उत्तर देत नाही, असला प्रकार. राउटरला अशा एरर संदेशांचा वेग आवरता यावा, असं 1995 च्या आरएफसी 1812 मध्येच सांगितलंय. तेव्हा ही प्रोव्हायडरची लबाडी नाही.

शेवटच्या ओळीवरही लॉस असेल, तरी आधी आपलं घर तपास. एकाच मशीनवरून शेकडो डिव्हाइसना एकाच क्षणी पिंग सोडले, तर परत आलेली उत्तरं सॉकेटच्या बफरमध्ये न मावून टाकली जाऊ शकतात. टाइमआउटही बघ. भूस्थिर उपग्रहाच्या लिंकवर पॅकेट जाऊन यायलाच सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. तिथे टाइमआउट 500 ठेवला की धडधाकट लिंक 100 टक्के मेलेली दिसते. मॉनिटरिंगच्या मशीनवर टीसीपीडंप लाव. त्यात उत्तर आलेलं दिसतंय आणि सॉफ्टवेअर मात्र हरवलं म्हणतंय, तर भांडण नेटवर्कशी नाहीच.

थोड्या पिंगांवरून काढलेल्या टक्केवारीला फार मान देऊ नकोस. स्मोकपिंग सहसा एका फेरीत 20 पिंग करतं. एक चुकला की झाले 5 टक्के. सिस्कोच्या राउटरवरून शेजारच्या नव्या पत्त्याला पिंग केलंस, तर एआरपी होईपर्यंत पाचातला पहिला बहुधा जातोच. एवढ्यावरून रात्री दोनला कुणाला उठवायचं नसतं. (तुमच्याकडे उठवतात, हे मला ठाऊक आहे.)

पण प्रत्येक अलार्म खोटा, असं समजून बसणारी माणसं मला त्याहून घातक वाटतात. एका हॉपपासून सुरू झालेला लॉस शेवटपर्यंत टिकतोय, इंटरफेसवर सीआरसी एरर वाढताहेत, टीसीपी रीट्रान्समिशन चढलंय, असं दिसलं की खुशाल भांड. त्या मेलला दोन्ही टोकांचे एमटीआर जोड. उत्तराची वाट पुष्कळदा वेगळीच असते आणि एकाच टोकाचा रिपोर्ट पाठवलास तर ते तिकीट बंद करायला त्यांना आयतं कारण मिळतं.

तुझा,
मामा