न दुखता पडणारं रक्त : लहान मुलांच्या आतड्यातले पॉलिप

पचनसंस्थेचा पाठ शिकवताना आपण तोंड, जठर, लहान आतडं अगदी रंगवून सांगतो. मोठ्या आतड्याला मात्र दोन वाक्यं मिळतात: पाणी शोषून घेतं, उरलेला मळ बाहेर टाकतं. वर्गात हसू फुटतं, आपण फळा पुसतो आणि पुढच्या पाठाला लागतो. मुलं यातून एक धडा नक्की घेतात, की या भागाविषयी बोलायचं नसतं. म्हणून संडासात रक्त दिसलं तरी सहा-सात वर्षांचं पोर ते कितीतरी दिवस कोणाला सांगत नाही. या वयात ते एकटंच जाऊन येतं, बघायलाही कोणी नसतं.

आजचा विषय या रक्ताच्या एका कारणाचा आहे. त्याचं नाव पॉलिप.

शब्द ओळखीचा वाटेल. जीवशास्त्रात हायड्राच्या शरीररचनेला पॉलिप म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुष्कळ पायांचा’. आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या मांसल कोंबालाही तेच नाव पडलं, पण हा काही प्राणी नव्हे, जंतही नव्हे. शरीराच्याच पेशी एका जागी जास्त आणि अव्यवस्थित वाढल्या की असा कोंब तयार होतो.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो ‘जुवेनाईल पॉलिप’. साधारण २ ते १० या वयात तो सापडतो, बहुतेक वेळा एकच असतो आणि बहुतेक वेळा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतो. दिसायला चेरीसारखा लाल, गुळगुळीत, बारीक देठाला लोंबणारा. आत चिकट द्रवाने भरलेल्या पिशव्या असतात, वरचं आवरण फार नाजूक असतं. मळ घासून गेला की आवरण सोलवटतं आणि रक्त येतं. ताजं, लालभडक, मळाच्या बाहेरून लागलेलं किंवा शेवटी थेंब थेंब पडणारं. आणि दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची, सोलवटल्याची वेदना कळत नाही. दुखत नाही म्हणूनच मूल बोलत नाही. कधीकधी देठ लांब असला तर जोर लावताना लाल गोळा गुदद्वारातून बाहेर डोकावतो. आई म्हणते, ‘अंग बाहेर येतंय.’

इथून गोंधळ सुरू होतो. पहिलं निदान घरातच होतं: गरमी झाली. चंद्रपूरचा उन्हाळा बघता कोणीही तेच म्हणेल! सब्जा, गुलकंद, ताक सुरू होतं. ताक प्यायला हरकत काहीच नाही, पण त्याने कोंब जात नाही. रक्त मात्र मधूनमधून आपोआप थांबतं, आणि उपाय लागू पडला असं वाटतं. दुसरं निदान मूळव्याधीचं. भिंतीवरच्या जाहिराती वाचून पालक मुलाला अशा ठिकाणी नेतात, जिथे कोंब दोऱ्याने बांधतात किंवा कसलंतरी औषध टोचतात. ठामपणे सांगावंसं वाटतं: लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते. मुलाचा ‘मूळव्याधीचा कोंब’ खरा काय आहे हे तपासल्याशिवाय त्याला कोणालाही हात लावू देऊ नका.

रक्ताची इतर कारणं नाहीत असं नाही. सगळ्यात साधं म्हणजे बद्धकोष्ठामुळे गुदद्वाराला पडलेली चीर. त्यात मूल कळवळतं, संडासला जायला घाबरतं. हगवणीत रक्तासोबत आव, ताप आणि पोटात कळा असतात. तान्हं बाळ थांबून थांबून किंचाळतंय, उलट्या करतंय आणि जेलीसारखं लाल पडतंय, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तिथे एक तासही दवडू नये.

आता आपल्या दोन जिल्ह्यांचा प्रश्न. चंद्रपूर-गडचिरोलीत फिकट, दमलेलं मूल दिसलं की आपल्या मनात आधी सिकलसेल येतो, मग जंत, मग आहार. ते बरोबरच आहे, इथे सिकलसेल खरोखर जास्त आहे. पण थेंब थेंब रक्त महिनोन्महिने जात राहिलं तरी हिमोग्लोबिन खाली येतं. शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांनी ते थोडं चढतं, पुन्हा उतरतं. एकीकडे भरतोय, दुसरीकडे गळतंय! २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांच्या यादीत तीव्र रक्तक्षय आहे, पॉलिप नाही. म्हणजे पथकाला मूल फिकट दिसेल, कारण दिसणार नाही. ते कारण एका प्रश्नाने बाहेर येऊ शकतं: ‘संडासला लाल पडतं का रे?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारायचा नाही, बाजूला घेऊन विचारायचा. (लोहाच्या गोळीने संडास काळी होते आणि बीट खाल्लं की लालसर, हेही लक्षात ठेवा. नाहीतर उगाच धावपळ होते.)

तपासणी सोपी आहे. पॉलिप खाली असेल तर डॉक्टरांच्या बोटालाच लागतो. वर असेल तर कोलोनोस्कोपी करतात. आदल्या दिवसापासून औषध देऊन आतडं साफ करतात, मुलाला भूल देतात आणि कॅमेरा लावलेली लवचीक नळी गुदद्वारातून आत सरकवतात. त्याच नळीतून तारेचा फास पुढे येतो, पॉलिपच्या देठाभोवती आवळला जातो आणि वीज सोडली जाते. देठ कापलाही जातो आणि त्यातली रक्तवाहिनी भाजून बंदही होते. पोटाला चीर नाही, टाका नाही. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वोल्फ यांनी ही पद्धत सुरू केली.

ऊर्जानगरच्या मुलांना इथे प्रश्न पडायलाच हवा. विजेने कापतात तर शॉक कसा लागत नाही? आपल्या केंद्रातून निघणारी वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. या वेगाला आपले स्नायू आणि चेता प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो. शस्त्रक्रियेचं यंत्र तीच वीज घेऊन तिची वारंवारता काही लाखांवर नेतं. इतक्या वेगाला चेता दाद देत नाहीत, उरते फक्त उष्णता. दहावीचा विद्युतधारेचा औष्णिक परिणाम आठवा.

काढलेला पॉलिप पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट औषधाच्या चिठ्ठीसारखा हरवू नका. एकटाच जुवेनाईल पॉलिप निघाला तर कॅन्सरची भीती बाळगायचं कारण नाही, बहुतेक मुलांचा विषय तिथेच संपतो. पाच किंवा जास्त निघाले, किंवा घरात कोणाला कमी वयात आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर गोष्ट वेगळी. काही प्रकार आनुवंशिक असतात आणि त्यात पुढची अनेक वर्षं तपासणी लागते. त्यातला एक शिक्षकाच्या नजरेला पडू शकतो. प्यूट्झ-जेघर्स या विकारात ओठांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला काळपट-तपकिरी ठिपके असतात. असे ठिपके आणि वारंवार पोटात कळ, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पालकांना जरूर बोलवा.

राहिला प्रश्न जायचं कुठे. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. पुढे चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गरज पडली तर दीडशे किलोमीटरवर नागपूरच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. ऊर्जानगरहून हे जमतं. भामरागडच्या पालकाला पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर उतरेपर्यंत गावाबाहेर पडता येत नाही. म्हणून तिकडच्या शिक्षकमित्रांना एवढंच सुचवेन, की फिकट मुलाला तो एक प्रश्न जूनच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा.