जुने डिस्क-कार्ड, नवा संगणक : आधी फर्मवेअर पाहा

दुकानाचा संगणक बदलला, जुन्यातले डिस्क-कार्ड काढून नव्यात बसवले आणि पडद्यावर एकही डिस्क दिसेना, की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते, ‘कार्ड जळाले, डिस्क गेल्या.’ त्या डिस्कवर वर्षानुवर्षांची उधारीची खाती, कारागिरांच्या मजुरीचा हिशेब, नक्षीचे नमुने असतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिलेले सांभाळणे हा त्याच जबाबदारीचा भाग आहे, असे आम्ही समजतो. म्हणून कार्ड फेकण्यापूर्वी, आणि त्याहीपेक्षा डिस्क ‘फॉरमॅट’ करण्यापूर्वी, आमच्या व्यापारी बांधवांनी पुढील बाबी तपासाव्यात.

कार्डाच्या आत साठवलेला जो प्रोग्राम असतो, तो फर्मवेअर. विंडोज किंवा लिनक्समध्ये असतो तो ड्रायव्हर. ड्रायव्हर कार्डाच्या नावाशी बोलत नाही, फर्मवेअरशी बोलतो. सारी गफलत येथेच होते. जुन्या बाजारात मुबलक मिळणाऱ्या एलएसआय कंपनीच्या ‘सास २००८’ या चिपचे उदाहरण घेऊ. आयबीएमचे एम १०१५, डेलचे पर्क एच २०० आणि एलएसआयचे स्वतःचे ९२११-८आय या तिन्ही कार्डांवर हीच चिप आहे. एम १०१५ मूळ रूपात मेगारेड जातीच्या फर्मवेअरसह येते. त्या वेळी त्याची ओळख १०००:००७३ अशी असते आणि लिनक्स त्याला ‘मेगारेड-सास’ हा ड्रायव्हर लावते. त्याच कार्डात ९२११ चे फर्मवेअर भरले की ओळख १०००:००७२ होते आणि ड्रायव्हरही बदलतो, ‘एमपीटी३सास’. कार्ड तेच, वायरी त्याच, पण संगणकाच्या लेखी दुसरेच कार्ड! आधीच्या मालकाने हा बदल केलेला असला तरी कागदी लेबल जुनेच राहते. लेबल वाचून ड्रायव्हर शोधणारा मग दिवसभर हात चोळत बसतो.

तेव्हा पहिले काम ओळख क्रमांक पाहण्याचे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या कार्डाच्या ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा तो दाखवते. क्रमांकच दिसत नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न पुढचा. कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे.

क्रमांक दिसतो पण डिस्क दिसत नाहीत, असे असल्यास ड्रायव्हरवर संशय घ्यावा. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये ‘एमपीटी३सास’ ड्रायव्हर आहे, पण त्याच्या यादीतून सास २००८ चा क्रमांक काढून टाकला गेला. आवृत्ती ७ वर बिनतक्रार चालणारे कार्ड ८ वर मुके झाले, ते यामुळे. अशा वेळी डेबियनच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा आणि फक्त पाहावे, काही लिहू नये. तेथे डिस्क दिसल्या तर कार्डही शाबूत आणि डिस्कही शाबूत. रेड हॅटवरच राहायचे असेल तर एलरेपो या भांडारात वेगळा ड्रायव्हर मिळतो.

खरे नुकसान होते ते एका चुकीच्या बटणाने. मेगारेड कार्डाला दुसऱ्या कार्डावर तयार झालेल्या डिस्क जोडल्या की ते ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असे सांगते आणि ‘इंपोर्ट’ की ‘क्लिअर’ असे विचारते. ‘क्लिअर’ म्हणजे जुनी मांडणी पुसणे. तेथे हात लावू नये. विंडोजने ‘इनिशियलाइझ’ विचारले तर नकार द्यावा. रेडमध्ये बांधलेल्या डिस्क साध्या (आयटी) फर्मवेअरच्या कार्डाला जोडल्या तर त्या सुट्या व कोऱ्या भासतात. त्या कोऱ्या नसतात.

फर्मवेअर बदलण्याची वेळ आलीच, तर डिस्क आधी सोडवून ठेवाव्यात. कार्डावरील चिकटपट्टीवर छापलेला सोळा अंकी-अक्षरी सास पत्ता वहीत लिहून घ्यावा, कारण जुने फर्मवेअर पुसताना तो जाऊ शकतो. संगणक यूपीएसवर असावा. मधेच वीज गेली तर कार्ड निकामी होऊ शकते. सास २००८ साठी २०.००.०७.०० ही आवृत्ती घ्यावी, कारण विसाव्या मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल तक्रारी होत्या. एलएसआय २०१४ मध्ये अवागोकडे गेली आणि अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव धारण केले. त्यामुळे फाइल ब्रॉडकॉमच्या नावाने शोधावी लागते.

काही दोष मात्र फर्मवेअरने सुटत नाहीत. त्याआधीची ‘१०६८ई’ चिप सुमारे २ टेराबाइटपुढची डिस्क ओळखत नाही. ४ टेराबाइटची लावली तरी दोनच दिसणार. तसेच ही कार्डे सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. साध्या पेटीत ती तापतात आणि डिस्क मधेच गायब होतात. पन्नास-शंभर रुपयांचा पंखा लावून पाहण्याआधी नवा ड्रायव्हर शोधू नये.

जे बांधव जुनी कार्डे विकतात, त्यांनी फर्मवेअर बदलले असल्यास त्याचे नाव, आवृत्ती आणि तारीख चिठ्ठीवर लिहून कार्डाला चिकटवावी. ऐब सांगून माल विकणे आपल्यावर बंधनकारक आहेच. शिवाय ती चिठ्ठी नसल्यामुळेच गिऱ्हाइक चालू कार्ड ‘जळाले’ म्हणून परत घेऊन येते.