बैल लंगडला, तर छकडा थांबवा

धानाची कापणी-मळणी उरकली की साकोली, लाखनी, लाखांदूरकडे शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या छकडा शर्यतींचे, वेध लागतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. २०१४ च्या बंदीनंतर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने पटाला अटींसह परवानगी दिली, तर १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तरी छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यापुढचा पेच कायम आहे. निम्म्या दाणीत, म्हणजे धावपट्टीत, बैल लंगडला किंवा छकड्याचं चाक डगमगू लागलं, तर तसंच रेटत शेवट गाठायचा की थांबायचं?

काय करावे

- जुंपण्याआधी दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहा. खीळ, आख, जू तपासा. प्रत्येक खूर उचलून खडा किंवा काटा रुतलाय का, तेही बघा.
- पाय अडखळला की हाकारे बंद करा. कासरा हळूहळू आवळत, आपल्याच दाणीत, सरळ रेषेत वेग उतरवा.
- जोडी थांबताच दोन माणसांनी वेसणी धराव्यात आणि दोन्ही बैल एकदमच सोडावेत. एकच सोडला तर जू दुसऱ्याच्या मानेवर कलतं.
- पाय टेकत नसेल तर बैलाला चालवू नका, जागीच आधार द्या. मैदानावरच्या पशुवैद्यकाला बोलवा. गावी परतल्यावर त्रास वाढला तर १९६२ वर फोन करा.
- तोंड उघडं, जीभ बाहेर आणि लाळेची तार दिसली तर बैलाला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला.

काय टाळावे

- बाजूच्या दाणीकडे वळू नका. तिकडून दुसरी जोडी भरधाव येत असते.
- कासऱ्याला हिसका देऊ नका. वेसणीने नाकपुडी फाटते आणि दुखावलेला बैल आणखी उधळतो.
- काठी, चाबूक, विजेचा झटका यांना कायद्यात थारा नाही. नियम मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
- दुखणं दबवणारं इंजेक्शन देऊन त्याच बैलाला पुन्हा जुंपू नका. वेदना कळेनाशी झाली की तो दुखऱ्या पायावर सगळा भार टाकतो.
- मोडक्या चाकाचा छकडा गर्दीजवळून पळवू नका. निसटलेलं चाक दोरीपलीकडची पोरं पाहत नाही.
- मालकांनो, काठावरून ‘घे, घे’ ओरडू नका. मोटारींच्या शर्यतीतही हेच घडतं: २०२४ च्या कॅनडा ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत चालक सर्जिओ पेरेझने मागचा पंख मोडलेली गाडी रस्त्यावर तुकडे सांडत पिटमध्ये आणली. तसं करायला त्याच्या संघानेच सांगितलं होतं. पेरेझला पुढच्या शर्यतीत तीन जागा मागून सुटावं लागलं आणि रेड बुल संघाला २५ हजार युरोंचा दंड बसला. तिथे निदान मोडलं ते यंत्र होतं.

पटाचा हिशेब सेकंदांचा, दाणीत विचार करायला सवड नसते. म्हणून मालकाने आदल्या रात्रीच धुरकऱ्याला सांगून ठेवावं: बैल लंगडला तर थांब, बक्षीस गेलं म्हणून तुला कुणी बोल लावणार नाही.