दिवाळीनंतरची पेरणी

अगं, हिमालयात पाहिलेली ती पिवळी ड्राबा खांदेश्वरच्या गॅलरीत आणायचा विचार सोडून दे. मोहरीच्या कुळातली, बोटभर उंचीची, बारा महिने हिरवी, सगळं खरं. पण तिची वस्ती साडेतीन-चार हजार मीटरच्याही वर, आणि आपलं कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. आपण तर खाडीकाठची माणसं. पानांच्या त्या दाट गड्ड्यात ओल साचली की तो आतून कुजतो, वरून पत्ताही लागत नाही. खडी घालून कुंडीतलं पाणी काढून देशील, पण जुलैच्या रात्रीचा उकाडा कसा काढशील? उगाच जीव जाईल तिचा.

त्याच कुळातली हंगामी फुलं लाव, अलिसम आणि कँडीटफ्ट. दसऱ्याला घाई करू नकोस, ऑक्टोबरच्या उन्हात कोवळी रोपं करपतात. दिवाळी झाली, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटली, की पेर.

अलिसमचं बी राजगिऱ्याएवढं बारीक. कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरव, तळव्याने हलकं दाब आणि वर माती मुळीच घालू नकोस. त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच दे, झारीने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. कँडीटफ्टचं वेगळं. त्याला जागा बदललेली खपत नाही, म्हणून थेट कुंडीतच पेर, वर मातीचा पातळ थर दे. रोपं दाट झाली तर वीतभर अंतरावर एक ठेव आणि बाकीची कात्रीने काप. उपटलीस तर शेजारच्या रोपाची मुळंही हलतात.

माती लाल, जाड वाळू भरपूर, जुनं शेणखत मूठभरच. खताचा हात सैल सोडलास की पानंच पानं येतात, फूल मागे राहतं. सकाळचं ऊन येतं ती गॅलरी उत्तम. पाणी सकाळी, बुंध्याशी.

नर्सरीतून तयार रोप आणलंस तर एक पान चुरगळून वास घे, मोहरीचा उग्र दर्प आला पाहिजे. फूल उमललं की नीट बघ: चार पाकळ्या, आत सहा पुंकेसर, चार उंच नि दोन बुटके. कँडीटफ्टच्या बाहेरच्या दोन पाकळ्या आतल्या दोघींपेक्षा मोठ्या असतात. मला हे फार आवडतं, दरवर्षी बघते.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येणारच. पाण्याच्या धारेने धुऊन काढ. नाहीच हटला तर कडुनिंबाचं तेल, तेही संध्याकाळी. अलिसमचा पहिला बहर ओसरला की वरून एक तृतीयांश छाट, पुन्हा फुलतं.

मार्चच्या उन्हात दोन्ही माना टाकतील, तेव्हा पाणी वाढवत बसू नकोस. त्याआधीच कँडीटफ्टच्या चपट्या शेंगा वाळल्या गवताच्या रंगावर आल्या की काढून सावलीत वाळव. बी कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या डबीत आणि डबी फ्रिजमध्ये, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. पुडीवर नाव आणि साल लिही.