उद्देशिका पाठ झाली, पुढे काय?

प्रश्न : मी डी.एल.एड.च्या वर्गाला शिकवते. राज्यघटनेची उद्देशिका सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण लोकशाही मूल्ये अंगी बाणवायची कशी?

उत्तर : घटनेचे तास वाढवू नका. २००९चा शिक्षण हक्क कायदा या भावी शिक्षकांच्या हाती द्या. कलम १७ मुलांना मारण्यास आणि त्यांच्या मानसिक छळास मनाई करते. मारणे सगळ्यांना कळते. ‘तू मठ्ठच’ म्हणणे छळात मोडते का, यावर वाद होऊ द्या. लगेच निवाडा देऊ नका.

कलम २१नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आंतरवासितेच्या काळात, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, विद्यार्थ्यांना अशा समितीच्या बैठकीला बसवा. बोलते कोण, मजुरीला जाणाऱ्या आईला ती वेळ जमते का, इतिवृत्तावर सह्या कधी होतात, एवढेच टिपायला सांगा. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीपेक्षा (ती बहुधा लोकप्रियतेची स्पर्धाच ठरते) मला हे मोलाचे वाटते.

अवघड भाग तुमच्याकडेच आहे. अंतर्गत गुणांचे निकष ठरवताना या भावी शिक्षकांना कोणी विचारते का? निकष त्यांच्यापुढे मांडा, हरकती घ्या, आणि ज्या फेटाळाल त्यांची कारणे लेखी द्या.