चित्रस्थळाची सहल : मेणवली

चित्रपटात पाहिलेले स्थळ सहकुटुंब प्रत्यक्ष पाहावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. ‘स्वदेस’ (२००४) या चित्रपटातील ‘चरणपूर’ म्हणजे वाईजवळील कृष्णाकाठचे मेणवली होय. पुण्याहून मोटारीने जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे, खंबाटकी घाट ओलांडावा व सुरूर फाट्यावरून वाईकडे वळावे. मुलांना नाना फडणवीसांचा वाडा आणि १७३९ च्या वसई विजयाची आठवण देणारी पोर्तुगीज घंटा आवर्जून दाखवावी. पावसाळ्यात नदी फुगते. त्या दिवसांत पायऱ्या उतरू नयेत. चित्रीकरण केव्हाच संपले; घाट मात्र आजही ग्रामस्थांच्या वापरात आहे. म्हणून आपला केरकचरा आपणच परत आणणे, हादेखील सहलीच्या नियोजनाचा आवश्यक भाग समजला पाहिजे. पडद्याने गावाचे नाव बदलले. पाहुण्यांनी त्याचे रूप बिघडवू नये.