वसईच्या चर्चमधली थडगी जमिनीत का?

प्रश्न : वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेले कोरीव दगड आहेत. ती थडगी आहेत म्हणतात. इटलीतल्या जुन्या थडग्यांच्या फोटोंत मात्र मेलेला माणूस संगमरवरात निजलेला दिसतो, वर देवदूत असतात. पोर्तुगीज आले तो काळही त्याच्या जवळपासचाच. मग आपल्याकडे तशी थडगी का नाहीत?
— एक वाचक, बोळिंज

उत्तर : तुम्ही पाहिलेले फोटो बहुधा फ्लॉरेन्सचे असावेत. तिथल्या सांता क्रोचे चर्चमध्ये लिओनार्दो ब्रुनीचं थडगं आहे. ब्रुनी हा त्या नगरराज्याचा चॅन्सेलर आणि इतिहासकार. तो 1444 मध्ये वारला. बेर्नार्दो रोसेलिनोने भिंतीत अर्धगोल कमान काढून तिच्यात त्याला निजवलं. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, छातीवर पुस्तक, आणि वर कमानीत बाळ येशूला घेतलेली मारिया.

ही रचना आपल्याला परकी वाटू नये. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहा. खाली लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. माणूस खालून वर जातो, हे दोन्हीकडे दगडात मजल्यामजल्याने सांगितलं आहे. फरक एवढाच, की वीरगळात मरण धावपळीचं आहे आणि ब्रुनीचं शांत झोपेसारखं.

आता पोर्तुगीजांकडे वळू. फ्लॉरेन्समध्येच, सान मिनियातोच्या टेकडीवर, एक पोर्तुगीज राजपुत्र निजला आहे. कार्डिनल जेम्स, समुद्री मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेल्या राजपुत्र हेन्रीचा पुतण्या. 1459 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो त्या शहरात वारला. बेर्नार्दोचा धाकटा भाऊ अंतोनियो याने 1461 ते 1466 या काळात त्याचं थडगं घडवलं. वर लुका देला रोबियाने केलेलं झिलईदार मातीचं छत आहे. ते कोवळं वय त्या चेहऱ्यावर तसंच राहिलं आहे. मला तरी या काळातलं दुसरं कुठलंही थडगं इतकं हलवत नाही.

जेम्सच्या मृत्यूनंतर 75 वर्षांनी, 1534 मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. म्हणजे ही कला त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. पण असं थडगं उभं राहायला मोठा पैसा, संगमरवर आणि तेच काम करणाऱ्या शिल्पकारांच्या पेढ्या लागतात. वसईत होते कप्तान, शिपाई, अंमलदार, व्यापारी आणि त्यांची कुटुंबं. त्यांनी पोर्तुगालमधलीच दुसरी, साधी रीत इथे आणली : चर्चच्या जमिनीखाली पुरायचं आणि वर सपाट दगड बसवायचा. त्यावर नाव, साल, घराण्याची ढाल. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये असे दगड सर्वांत सहज दिसतात. ही रीत केवळ काटकसरीची होती, असं मला वाटत नाही. मिस्सेला येणाऱ्यांच्या पायांखाली पडून राहायचं, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेत आपला आत्मा राहील, अशी त्यामागे श्रद्धा होती.

भिंतीतलं कोरीव स्मारक पाहायचं असेल तर जुन्या गोव्याला जा. तिथे रोझरी मातेच्या चर्चमध्ये दोना कातारिनाचं स्मारक आहे. ती गार्सिया द सा याची बायको, आणि हा गार्सिया म्हणजे वसईचा पहिला पोर्तुगीज कप्तान. पुढे तो गव्हर्नर झाला आणि 1549 मध्ये गोव्यात वारला. त्याच चर्चमध्ये त्याचंही थडगं आहे. कातारिनाच्या स्मारकात देहाचा पुतळा नाही. आहे ते पांढऱ्या दगडातलं नाजूक नक्षीकाम, आणि त्यावर छाप आहे गुजराती कारागिरीची. जे हे वाचतील त्यांनी माझ्या आत्म्यासाठी देवाकडे दया मागावी, अशी विनंती तिथल्या लेखात तिच्या नावाने कोरली आहे.

तिच्या लेकीला, लिओनोरला, असा दगडही मिळाला नाही. 1552 मध्ये साव जुआंव हे गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलं आणि पुढच्या पायपिटीत ती पोरांसह वाळूत गेली. पोर्तुगीज कवी कामोइंश याने आपल्या महाकाव्यात तिचं दुःख गायलं आहे.

वसईचे दगड पाहायला सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असताना झिजलेली अक्षरंही उमटून दिसतात. वाचता यावीत म्हणून त्यांत खडू मात्र भरू नका.